मान खाली घालून ऐकलेली कादंबरी

सम्यक आणि रुही,

आजारपणात मी तुम्हाला व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा दिसले, तेव्हा रुही किंचाळली होती, "आजी छताला चिकटली!" तिचं काही चुकलं नव्हतं. फोन खाली जमिनीवर होता, मी खाटेवर पालथी होते आणि खाटेला पाडलेल्या भोकातून माझा चेहरा तुमच्याकडे लोंबत होता. तेव्हा नीट सांगता आलं नाही. आता टेबलाशी ताठ बसले आहे, कागद समोर सरळ ठेवला आहे, आणि सांगायची इतकी घाई झाली आहे की चहा बाजूला गार झाला तरी उठवत नाही. तुमच्या आईचंही म्हणणं आहे, "लिहून काढ, असं दुखणं आलेल्या दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल." तेव्हा क्रमाने लिहिते.

वालातले खडे

सुरुवात वालाने झाली. दुपारी ओटीवर वाल निवडत होते. सुपात काळे बारीक खडे दिसले म्हणून चिमटीत धरायला गेले, तर खडे पळाले. पुन्हा गेले, पुन्हा पळाले. पांढऱ्या दाण्यांवर काळे ठिपके नाचत होते आणि हाताला एकही लागत नव्हता. मी चष्मा पुसला, सूप बदललं, शेवटी दुकानदाराला नावं ठेवली. मग कडेला ठिणग्या उडायला लागल्या. मी आजोबांना म्हटलं, "अहो, शेजारी वेल्डिंग चाललंय का?"

"शेजारी कुणी घरातसुद्धा नाही," आजोबा म्हणाले. "तुला भूक लागली असेल."

आजोबांच्या मते जगातल्या निम्म्या दुखण्यांचं मूळ भुकेत असतं. मी जेवले आणि झोपले. सकाळी उठले तर उजव्या डोळ्यात खालून काळं काहीतरी वर चढत होतं, भरतीचं पाणी पायरीवर चढतं तसं.

ज्यांना उपयोग व्हावा त्यांच्यासाठी इथेच सांगते. ठिपके नाचायला लागले, ठिणग्या दिसल्या, तर मोतीबिंदू असेल, नंबर वाढला असेल, असं म्हणून थांबू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. जेवून झोपू नका.

पडदा

अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात थेंब घातले, आत बराच वेळ पाहिलं आणि मला काही न सांगता आधी पनवेलला फोन लावला. मग त्या म्हणाल्या, "आजी, डोळ्याच्या मागचा पडदा सुटलाय. आजच पनवेलला जायचं. आत्ता."

तुम्हाला ठाऊक आहे, माझा डावा डोळा काचबिंदूने केव्हाच अधू केला आहे. त्याला माणूस दिसतो, पण अक्षर दिसत नाही. वाचायचा डोळा उजवा. सातवीत होते तेव्हापासून रोज काहीतरी वाचल्याशिवाय मी झोपलेली नाही. त्यामुळे पनवेलच्या सर्जनना मी एकच प्रश्न विचारला, "मला वाचता येईल का?"

ते जरा तिरकस बोलणारे गृहस्थ होते. म्हणाले, "निम्मं काम माझं, निम्मं तुमच्या मानेचं. मी पडदा जागेवर बसवीन आणि डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडीन. बुडबुडा नेहमी वर चढतो. तुम्ही तोंड जमिनीकडे ठेवलंत तर तो मागच्या पडद्याला टेकून राहील. तोंड वर केलंत तर निसटेल. पडदा चिकटेपर्यंत जेवताना, बोलताना, झोपताना मान खाली. जमेल?"

आजोबा माझ्याआधी म्हणाले, "लग्न झाल्यापासून हिने कुणापुढे मान खाली घातलेली नाही, डॉक्टर. कठीण आहे."

सर्जन हसले. मी हसले नाही.

बाहेर येऊन तुमच्या आईला फोन केला. ती रडली आणि म्हणाली, "मी निघते." पण ती निघू शकत नव्हती. तुमच्याकडे आखातात युद्ध पेटलं होतं आणि विमानं त्याच आठवड्यात बंद झाली होती. समुद्रात जहाजं अडकली होती, आकाशातून काय काय पडत होतं, तुमची शाळा घरातल्या पडद्यावर आली होती. माझा एक पडदा सुटला आणि जगाने भलतेच पडदे पाडून ठेवले, असं मला तेव्हा वाटलं. पण विनोद करायची ती वेळ नव्हती.

ऑपरेशनच्या वेळी मी जागी होते. भूल फक्त डोळ्याला. खोलीत कुणीतरी अगदी हळू शहनाई लावली होती. सर्जन आणि त्यांच्या मदतनीस मधूनमधून एकमेकांशी बोलायचे, आणि अवघड जागा आली की बोलणं थांबायचं. मग फक्त शहनाई. ते बोलायला लागेपर्यंत मी तिचा एकेक सूर धरून राहिले. ती कुणी लावली ते कळलं नाही, पण ती मेहेरबानी मला अजून आठवते. सूर वर गेला की मीही त्याच्याबरोबर जायचे आणि खाली येताना कुणीतरी म्हणायचं, "छान, आता पुढे."

खाट

घरी आले ती गाडीच्या मागच्या सीटवर उशीत तोंड खुपसून. वडखळपर्यंतचा एकेक खड्डा मी न बघता ओळखला.

थळच्या आपल्या घरी आत्याआजी आधीच येऊन बसल्या होत्या. तुमच्यासाठी त्या आत्याआजी, आजोबांची धाकटी बहीण सुशीला, आणि माझ्या वन्सं. तळा गावाहून एसटीने आल्या त्या कपड्यांची पिशवी आणि सुक्या बोंबलांचं गाठोडं घेऊन. आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, "वैनी, पडदा सुटला म्हंजे शिवला का चिकटवला?"

"चिकटवला."

"मग वाळंस्तवर हात लावायचा न्हाय. सोप्पं हाय."

पालथं झोपायचं, तर नाक कुठे ठेवायचं हा मोठा प्रश्न होता. उशीत श्वास कोंडायचा. आजोबा कारखान्यात मेंटेनन्सला होते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा उपयोगी पडलं. त्यांनी माळ्यावरची नवारीची जुनी खाट उतरवली, डोक्याकडच्या पट्ट्या सैल करून बाजूला सारल्या आणि चेहरा मावेल एवढं भोक केलं. कडेला मऊ पंचा गुंडाळला. मी त्यात तोंड घातलं आणि मला आपल्या घराची फरशी दिसली. फरशीला इतक्या भेगा आहेत हे मला माहीत नव्हतं. एक भेग तर थेट श्रीवर्धनच्या किनाऱ्यासारखी.

चहा नळीने प्यायचा. भात आणि डाळ मिसळून चमच्याने, खाटेखालून. माझ्याशी बोलायचं तर माणसाला जमिनीवर यावं लागे. आजोबा पहिल्या दिवशी उत्साहाने खाटेखाली उताणे सरकले, माझ्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाले, "कशी आहेस?" आणि मग त्यांना निघता येईना. गुडघे अडकले. वन्संनी त्यांना पायाला धरून ओढलं.

"दादा, पुढच्या टायमाला चाकं लावून जा."

मी हसले आणि डोळ्यातला बुडबुडा हलला. तो दिसायचा मला, मोठा, कडेला चमकणारा, शेवाळी पाण्यातून पाहावं तसा. मी घाबरून हसणं गिळलं.

मान उचलली

आता घरातल्या भांडणाचं लिहिते, कारण ते लपवण्यात अर्थ नाही. आजोबांना ऐकू कमी येतं आणि बातम्यांचं वेड जास्त आहे. टीव्ही पुढच्या खोलीत, पण आवाज थेट समुद्रापर्यंत. सकाळपासून ढोलासारखं संगीत, आणि मग कुणीतरी ओरडायचं, "मोठी बातमी!" प्रत्येक मोठी बातमी तुमच्या दिशेची. कुठे स्फोट, कुठे जहाज पेटलं, कुठे सामुद्रधुनी बंद. मला दिसत काही नव्हतं. नुसता आवाज. आणि न दिसणारी बातमी दिसणाऱ्या बातमीपेक्षा फार मोठी असते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी टीव्हीवर तुमच्या शहराचं नाव आलं. मी काही ठरवलं नाही. मान आपोआप वर गेली. मी उठूनच बसले आणि ओरडले, "काय झालं? काय झालं तिथे?"

वन्सं स्वयंपाकघरातून धावत आल्या. "वैनी! खाली! खाली घाला मान!"

त्या शहराच्या हवामानाची बातमी होती. तापमान सांगत होते.

आजोबांनी पनवेलला फोन लावला. सर्जननी मला फोनवर घ्यायला सांगितलं आणि एवढंच म्हणाले, "आजी, एकदा झालं ठीक आहे. असं रोज झालं तर माझ्या हातात काही उरणार नाही."

त्या दिवशी मी आजोबांना फार बोलले. त्यांनाही राग आला. "माझी लेक, नातवंडं तिथे आहेत, मी बातम्या ऐकायच्याच नाहीत का?" असं म्हणून ते चपला घालून बाहेर गेले. खरं तर आम्ही दोघं एकाच गोष्टीला घाबरलो होतो. त्यांना ऐकल्याशिवाय राहवत नव्हतं आणि मला ऐकून पडून राहवत नव्हतं.

समुद्राच्या धुनी

टीव्ही बंद झाला, पण माझं मन थोडंच बंद होणार? दुपारी आजोबा अजून आले नव्हते. मी वन्संना हळूच म्हटलं, "माझा फोन घ्या. ते माइकचं बटण दाबा आणि त्याला विचारा, सामुद्रधुनीचं काय झालं."

वन्सं शब्द तोडून तोडून वाचतात आणि ऐकतातही तशाच. त्यांनी फोन तोंडाशी धरला आणि बोटीवरच्या माणसाला हाक मारावी तशी आरोळी दिली, "समुद्राच्या धुनी लाव!"

फोनने आज्ञा पाळली. आधी लाटांचा आवाज आला. मग त्या लाटांवर कुणीतरी सतार छेडली.

"अहो वन्सं, हे काय? मला बातमी हवी होती!"

"तुमीच म्हन्लात ना समुद्राच्या धुनी? लावल्या. वाईट हायत काय?"

"सामुद्रधुनी म्हणजे दोन जमिनींच्या मधलं चिंचोळं पाणी. धुनी म्हणजे गाणं नव्हे!"

"म्हंजे खाडी."

"खाडी नव्हे हो..."

"दिघीच्या जेटीवरनं आगरदांडा दिसतो, तसं?"

मी जरा विचार केला. "साधारण तसं. पण कितीतरी मोठं."

"मग फेरीबोट चालू हाय का बंद?"

"बंद आहे."

"बंद हाय तर हाय. तुमी मान उचललीत तर चालू व्हनार हाय काय?"

शाळेत चाळीस वर्गांना भूगोल न शिकवता मी फक्त इंग्रजी शिकवलं हे बरं झालं. मी हसायला लागले. तोंड भोकात, खांदे हलताहेत, आणि खाली सतार चाललेली. वन्संनी फोन पाटावर ठेवला होता आणि पाट माझ्या तोंडाच्या बरोबर खाली. सूर फरशीवर आपटून वर यायचे आणि खाटेच्या लाकडातून माझ्या गालाच्या हाडात शिरायचे. मुलांनो, मला ते कसं सांगू! मी जन्मभर गाणं ऐकलं ते वह्या तपासताना, इस्त्री करताना, कोथिंबीर निवडताना. नुसतं गाणं, हाताला दुसरं काम नाही, डोळ्याला दुसरं चित्र नाही, असं मी कधी ऐकलंच नव्हतं. तबल्याचा डग्गा घुमला की खाटेचा पाय थरथरायचा आणि ते मला पोटात कळायचं. वादक सूर लावण्याआधी बारीकसा श्वास घेतो, तोसुद्धा ऐकू आला!

"अजून लावा," मी म्हटलं.

"बातमी?"

"नको. धुनी."

आजोबा संध्याकाळी आले ते कानात घालायचं यंत्र विकत घेऊन. "हे घालून ऐकेन. पोरांचं काही असेल तरच सांगेन," असं फरशीकडे बघत म्हणाले. माझ्याशी बोलायला त्यांनाही मान खालीच घालावी लागत होती.

रखवालदाराचा मुलगा

गाण्याने दुपार जाई, पण गोष्टीची भूक राहतेच. माझी इंग्रजी पुस्तकं वाचून दाखवायला आजोबा तयार झाले. ते प्रेमपत्रसुद्धा यंत्राच्या माहितीपुस्तकासारखं वाचतात. दोन पानांत मला झोप लागली. मग ते वाचनालयातून एक जुनी मराठी कादंबरी घेऊन आले, कुठलीतरी हाताला लागली ती. नाव ऐकून मी मनात टाळी वाजवली. कॉलेजात असताना वाचलेली आणि नंतरही दोनदा. आजारपणात आधी वाचलेलं पुस्तक बरं, धक्का बसत नाही. तुम्हाला नाव मुद्दाम सांगत नाही, का ते पुढे कळेल.

गोष्ट एका बेटावरच्या दीपगृहाच्या रखवालदाराची. त्याची बायको, तिची म्हातारी सासू, आणि गलबतावर काम करणारा मुलगा. वाचायचं काम वन्संकडे आलं. त्या मोठेपणी, साक्षरता वर्गात अक्षरं शिकल्या. जोडाक्षर आलं की बैल थांबावा तशा थांबायच्या. पण वाचता वाचता मधेच त्यांचं स्वतःचं बोलणं सुरू व्हायचं.

"'सासूने... भां... भांड्याचा... आवाज केला.' बघा वैनी, मुद्दाम केला. माझी सासू असंच करायची."

"पुढे वाचा."

"वाचते. रागावू नका. 'रखवालदार... नि... निमूटपणे...' हा काय बोलनार न्हाय. ह्याला बायकोनंच बोलायला पाहिजे."

मला सुरुवातीला अडखळण्याचा त्रास व्हायचा. मास्तरीण ना मी! शब्द ओठावर यायचा, दुरुस्त करावासा वाटायचा. मग एक गंमत ध्यानात आली. त्या थांबल्या की मीही शब्दाच्या दाराशी थांबायचे. 'का...' पुढे काय येणार? काळोख? काठ? कालवण? माहीत असलेलं वाक्यही नवंकोरं होऊन यायचं. सकाळचं काम उरकून वन्सं पुस्तक घेऊन आल्या की माझं काळीज शाळेच्या सहलीला निघाल्यासारखं उड्या मारायचं. एकदा डाळ करपली. त्या दिवशी आजोबांनी पाव आणून खाल्ला आणि तक्रार केली नाही, कारण तेही दाराशी उभे राहून ऐकत होते.

मध्ये पनवेलला तपासणी झाली. सर्जन म्हणाले, "वरचा भाग छान बसलाय. मधला अजून ओला आहे. आणखी काही दिवस." मी गाडीत उशीत तोंड घालून रडले. मानेत पेटके येत होते, कोपरं सोलली होती. वन्संनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बरंच झालं. नायतर बुक अर्धंच ऱ्हायलं असतं."

फोन बंद पडला

आता तो दिवस. तुम्हालाही आठवत असेल.

तुमचा कॉल आला होता. फोन पाटावर, मी वर. तुम्ही दोघं घराच्या मधल्या बोळात गादी टाकून बसला होतात. आई म्हणाली, "काही नाही गं, खबरदारी म्हणून." सम्यक मला गणिताची वही दाखवत होता. तेवढ्यात तुमच्याकडे भोंगा वाजला. तुमच्या आईने वळून पाहिलं, रुहीने सम्यकचा हात धरला, आणि पडदा काळा झाला.

वन्संनी पुन्हा लावला. लागेना. पुन्हा. लागेना. आजोबा पुढच्या खोलीत टीव्हीकडे धावले आणि घाईत कानातलं यंत्र लावायचं विसरून त्यांनी आवाज मोठा केला. "मोठी बातमी..." एवढं ऐकलं आणि माझे दोन्ही हात खाटेच्या कडेवर टेकले. मान उचलायला फक्त कोपरं सरळ करायची होती.

"दादा, बंद कर ते!" वन्सं ओरडल्या. टीव्ही थांबला. मग त्या खाली बसल्या, एक हात माझ्या डोक्याच्या मागे ठेवला, दाबला नाही, नुसता ठेवला, आणि म्हणाल्या, "काल कुठं ऱ्हायलो हुतो? हां. गलबत."

"वन्सं, आता नको."

"आताच."

आणि त्या वाचायला लागल्या. हे प्रकरण मला पाठ होतं. वादळ होतं. रखवालदार दिवा पेटता ठेवतो, पण गलबत खडकावर फुटतं आणि मुलगा बुडतो. कॉलेजात मी त्या पानावर रडले होते. वन्सं वाचत होत्या, 'वारा... पि... पिसाळला... डोल... डोलकाठी...' आणि मी मनात म्हणत होते, नको, आज नको, पान उलटा.

वन्सं थांबल्या. जोडाक्षराला थांबतात त्यापेक्षा जास्त थांबल्या. पुढची ओळ त्यांना दिसली होती.

मग त्यांचा आवाज आला आणि तो एकदाही अडखळला नाही. "गलबत खडकाच्या जवळ आलं. पण त्या पोराला दिवा दिसला. त्यानं सुकाणू जोरात फिरवलं. गलबत वळलं नि बंदराला लागलं. पोरगा खाली उतरला, म्हन्ला, आये, भूक लागली."

असं पुस्तकात काही नाही. तसलं वाक्य तो लेखक लिहिणार नाही. आयुष्यभर मी शाळेतल्या मुलींना सांगत आले की मजकुरात लिहिलंय तेच वाचा, पदरचं घालू नका. मी दुरुस्त केलं नाही. कोपरं सैल केली, गाल पंचावर टेकवला आणि म्हटलं, "मग? आईने काय दिलं?"

"आं?"

"खायला काय दिलं त्याला?"

वन्संनी पान उलटल्याचा आवाज केला. "तांदळाची भाकर नि कोलंबीचं कालवण. असं लिवलंय."

त्यांना कालवणाची कृती संपवता आली नाही, फोन वाजला. तुमची आई. तुमच्या इमारतीची वीज आणि त्याबरोबर नेट गेलं होतं, दुसरं काही नाही. वन्संनी पुस्तक बाजूला टाकलं आणि पदराने तोंड झाकून मोठ्याने रडल्या. मी रडले नाही. मी जमिनीकडे तोंड करून, अगदी सरळ, तुम्हाला दोघांना पाहत होते. बुडबुडा जागेवर होता.

पण खरी मजा पुढे सुरू झाली! वन्संनी मुलगा वाचवला, आता त्याला पोसणं आलं. कादंबरीतली पुढची निम्मी पानं त्याच्या शोकाची. रोज दुपारी त्या पुस्तक उघडून बसायच्या आणि मी कान टवकारायचे, आज हा काय करणार? मुलाचं लग्न ठरलं. सासूशी भांडण झालं. त्याने बेटावर कोंबड्या पाळल्या. 'ही' कादंबरी मी कधीच वाचली नव्हती. मला पुढचं एक अक्षर ठाऊक नव्हतं. सकाळी जाग आली की मला आधी गोष्ट आठवायची, मग डोळा.

म्हणूनच कादंबरीचं नाव सांगितलं नाही; हे आत्याआजींना कळू देऊ नका. मला मूळ गोष्ट माहीत होती, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

अक्षरं

शेवटच्या तपासणीलाही वन्सं आल्या. सर्जननी बराच वेळ पाहिलं. बुडबुडा आता मसुराएवढा उरला होता. ते म्हणाले, "मान वर करा, आजी." मी केली. मान ही किती जड वस्तू आहे! त्यांनी वाचायचा कागद माझ्या हातात दिला. वरच्या ओळी आल्या. मधल्या आल्या. एकदम खालची ओळ थोडी वाकडी होती, पाण्यात काठी वाकते तशी, पण आली. मी ती दोनदा वाचली.

"तुमच्या मानेने काम केलं," सर्जन म्हणाले. "ओळ थोडी वाकडी राहील."

"राहू दे," मी म्हटलं.

परतताना मी गाडीच्या पुढच्या सीटवर बसले आणि दिसेल ते वाचत सुटले. येथे बर्फ मिळेल. पंक्चर काढून मिळेल. ताजी मासळी, घरगुती जेवण, मडक्यात भाजलेल्या पोपटीची ऑर्डर घेतली जाईल. 'शुद्ध'मधला उकार दीर्घ काढलेले तीन बोर्ड! मी प्रत्येक वेळी टाळ्या पिटल्या. "येथे कचरा टाकणारा गाढव आहे!" असं मी इतक्या जोरात वाचलं की ड्रायव्हरने दचकून गाडी हळू केली.

"तुम्हाला नाही, भाऊ," आजोबा म्हणाले. "तिला वाचता येतंय."

वन्सं मात्र मागे गप्प होत्या. मला वाटलं, गाडी लागली असेल.

घरी आल्यावर चष्मा घातला आणि म्हटलं, "वन्सं, पुस्तक कुठाय?"

"परत केलं."

"परत केलं? कधी?"

"सकाळी निघायच्या आधी. दादाला पाठवलं हुतं." त्या ओटीवर बसून माझ्याकडे न बघता पिशवी भरत होत्या. उद्या तळ्याला जायचं म्हणत होत्या. "तारीख झाली हुती त्याची."

"पण शेवटचं प्रकरण राहिलं ना आपलं."

वन्संनी हात थांबवला. माझ्या चष्म्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी चष्मा काढला, घडी करून डबीत ठेवला, आणि ओटीच्या पायरीवर त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

"तुम्हाला तर सगळं पाठ झालं असेल," मी म्हटलं. "सांगा की."

त्यांनी पिशवी बाजूला सारली आणि मांडी घातली.

"मग काय झालं," त्या म्हणाल्या, "तो पोरगा एक दिवस परत गलबत घेऊन गेला, लांब. लय दिवस आला न्हाय. त्याची म्हातारी आय दिव्याखाली बसून ऱ्हायची. नि मग सकाळच्या पारी गलबत दिसलं. पोरगा उतरला, त्याच्या मागनं बायको उतरली, नि तिच्या मागनं दोन पोरं. एक मुलगा, एक मुलगी. धावत आली नि म्हातारीच्या गळ्यात पडली."

मी विचारलं, "नावं काय होती पोरांची?"

"नावं न्हाय दिलेली पुस्तकात," वन्सं म्हणाल्या.